मोजपट्टीने उसवलेली ऐंशी पुस्तकं

शेजाऱ्याच्या भिंतीला नवा रंग लागला की आपली भिंत एकाएकी मळकी दिसू लागते. कालपर्यंत तीच भिंत चांगली होती. रंग तिकडे लागतो, डाग इकडे पडतो. हा रोग घरोघरी आहे, कचेऱ्यांत आहे, आणि खोटं कशाला बोला, प्रार्थनेच्या बाकांवरही आहे. पण पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात शिलाईला बसणाऱ्या बाईला तो जसा जडला होता, तसा शोधून सापडायचा नाही.

तिला सगळे मोजपट्टी म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिच्या कानांना भिंती आडव्या येत नसत. शेजारणीकडे दूध उतू गेलं तरी तिला वाटे, हिच्याकडेच एवढं दूध कसं? कुणाला ताप आला तर ती विचारी, किती? आणि आकडा आपल्या मागच्या तापाहून अर्ध्या अंशाने जास्त निघाला, तर तिला दोन दिवस अन्न गोड लागत नसे. असं लोक सांगत. लोकांचं काय, मुंगीला शेपूट लावून ते तिची म्हैस करतात. तरी त्यातलं निम्मं खरं होतं.

कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बावीस वर्षांत तिने शिवलेल्या पुस्तकाचं पान सुटलं म्हणून कुणी कारखान्याची पायरी चढलं नव्हतं. ती ज्या चर्चमध्ये जाई, तिथली गीतांची पुस्तकं फाटून आली की नवी छापली जात आणि त्यांची शिलाई तीच करी. आणि त्या मंडळीत एक जुनी रीत होती: ज्या हातांनी पुस्तक शिवलं, त्या माणसाने पहिल्या रविवारी उभं राहून पहिलं गीत निवडायचं. तीन वेळा मोजपट्टी उभी राहिली होती. तिने आकडा उच्चारला होता आणि भरल्या चर्चने एकदम पानं उलटली होती. एरवी वर्षभर तिला कोण विचारतं? घरात पंखा किती जोरात फिरावा हेसुद्धा सून ठरवी. ते एक पान उलटणं तेवढं तिचं होतं.

यंदा मालकांनी ते काम दिलं हसरीला.

हसरी तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर कारखान्यात आली, आणि सुई धरायला मोजपट्टीनेच तिला शिकवलं. दोघी एकाच चर्चला जात. हसरीला गुणगुणायची सवय होती आणि दुसऱ्याचं चांगलं दिसलं की ते तोंडावर सांगायची त्याहून वाईट सवय होती. "काका, आज दाढी झकास झालीय." "ताई, तुमचा टाका म्हणजे नुसता मोत्यांचा सर." बँकेचा रखवालदारही तिला बघून आधी सलाम ठोकी, मग पिशवी तपासी.

"ताई, तुमचे टाके हल्ली सैल पडतात," मालक म्हणाले. "डोळ्यांना जरा आराम द्या. या वेळी जुळणी तुम्ही करा, शिलाई तिच्याकडे. आणि पुस्तकं धड गेली, तर शिलाईचं टेबलही पुढे तीच सांभाळेल."

"हो की," मोजपट्टी म्हणाली. "तरुण डोळे आहेत. वापरून घ्या."

हे बोलताना ती हसली. तिच्या त्या हसण्याने शेजारच्या डब्यातलं दूध फाटलं असतं.

आता जुळणी म्हणजे काय, ते सांगायला हवं. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक जुडगा होतो, त्याला कारखान्यात फर्मा म्हणतात. गीतांच्या पुस्तकात असे सहा फर्मे. ते ओळीने एकावर एक लावायचे, म्हणजे जुळणी. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर छोटी काळी खूण असते, पहिल्याची वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. सगळे बरोबर लागले की पुस्तकाच्या पाठीवर खुणांचा जिना उतरत येतो. जिना सरळ, तर पुस्तक सरळ.

मोजपट्टीने ऐंशी प्रती जुळवल्या आणि ऐंशीच्या ऐंशी प्रतींत तिसरा फर्मा चौथ्याच्या जागी नि चौथा तिसऱ्याच्या जागी ठेवला. बत्तिसाव्या पानावर आभाराचं गीत अर्ध्यावर येतं. त्याच्या समोरच्या पानावर आता थेट मयताच्या वेळचं गीत येणार होतं. भरल्या चर्चमध्ये अर्धे लोक आभार मानतील, अर्धे पुरायला निघतील, आणि सगळे वळून हसरीकडे बघतील! या विचाराने त्या दिवशी तिला डबा फार रुचकर लागला.

हसरीने जिना तपासायला हवा होता. शिलाईआधी पाठ बघायची, हे मोजपट्टीनेच तिला शिकवलं होतं. पण तिने गठ्ठा उचलला आणि म्हणाली, "ताईंची जुळणी. यात काय बघायचं?" आणि गुणगुणत शिवायला बसली.

ते वाक्य मोजपट्टीला घशात काट्यासारखं लागलं. पण काटा गिळायला ती समर्थ होती.

शुक्रवारी सकाळी शिवलेली पुस्तकं खळवाल्या आजोबांकडे गेली. चाळीस वर्षं खळ शिजवून आणि पुस्तकांच्या पाठींना लावून त्यांची बोटं एकमेकांना चिकटली होती असं म्हणत. हस्तांदोलन केलं तर संध्याकाळपर्यंत सुटका नाही. पाठ बघणं हा त्यांचा धंदाच. त्यांनी पहिलं पुस्तक उचललं, ब्रश खाली ठेवला. दुसरं बघितलं. पाचवं बघितलं. मग एक प्रत काखेत मारून ते मोजपट्टीच्या टेबलाशी आले. बाकीचे चहाला गेले होते.

"बाई, जिन्याची एक पायरी वर गेलीय."

"नजरचूक झाली असेल, आजोबा. डोळे आता सैल पडतात ना माझे."

"नजर चुकते तेव्हा एका पुस्तकात चुकते. ऐंशी पुस्तकांत एकाच जागी चुकली, म्हणजे नजर फारच तयारीची आहे."

मोजपट्टीने दोऱ्याचं रीळ उगाच गुंडाळलं, पुन्हा सोडलं. मग म्हणाली, "बावीस वर्षं मी शिवली. हिला सुईत दोरा ओवता येत नव्हता."

"कुणी शिकवलं?"

"मीच."

"हिचा नवरा गेला तेव्हा हिच्या घरी महिनाभर कोण जात होतं?"

"ते वेगळं. ती रडत होती."

आजोबा स्टुलावर बसले. "तेच म्हणतो मी. शास्त्र सांगतं, रडणाऱ्याबरोबर रडा. ते तुला जमलं, छान जमलं. पण त्याच्या आधी तिथे दुसरं सांगितलंय, आनंद करणाऱ्याबरोबर आनंद करा. ते आधी का सांगितलं असेल? मला वाटतं, ते जास्त अवघड आहे म्हणून. रडणारा आपल्याहून खाली असतो, बाई. त्याच्याजवळ वाकायला आपल्याला बरं वाटतं. हसणाऱ्याकडे मान वर करून बघावं लागतं, तिथे आपली मान आखडते. दुःखात तू तिची सख्खी बहीण झालीस, आणि सुखात सावत्र."

"माझ्या वाटणीचं काढून दिलं तिला."

"देवबापाकडे काय एकच भांडं आहे? तिच्या ताटात पडलं म्हणजे तुझ्या ताटातून गेलं, हे गणित तू कुठे शिकलीस? बावीस वर्षं धड हात दिले त्याने. शिकवलेली पोर टेबल सांभाळायला निघाली. हा तुझाच आनंद आहे, वेडे, आणि तू तो चौथ्या फर्म्यात नेऊन कोंबलास."

"मालकांना सांगणार तुम्ही?"

"मी खळ लावतो, चुगली नाही. पण या पाठींना ब्रश लावणार नाही."

ते गेले. समोर हसरीने शिवलेली एक प्रत होती. मोजपट्टीने ती उघडली, सवयीने टाके तपासले, कुठे सैल आहे का बघितलं. एकही सैल नव्हता. प्रत्येक टाका घट्ट, सारखा, शेवटची गाठ आत वळवलेली. ती गाठ तशी वळवायची युक्ती मोजपट्टीची स्वतःची होती, आणि आयुष्यात तिने ती फक्त एकीला दाखवली होती. मग तिचे डोळे खरोखरच सैल पडले.

हसरी चहा पिऊन परत आली, तशी मोजपट्टीने तिच्यासमोर पुस्तक ठेवलं. "मी मुद्दाम केलं. सगळ्यांत. तुझं हसं व्हावं म्हणून."

हसरीने जिना बघितला. तिचं गुणगुणणं त्या क्षणी बंद पडलं. "तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, ताई," एवढंच ती म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

मोजपट्टीने मालकांना जाऊन सांगितलं, आणि शिलाईचं टेबल हसरीकडेच ठेवा, हेही सांगितलं. मालक जे बोलले ते छापण्यासारखं नव्हतं. मग ती कोपऱ्यात बसली आणि एकेक पुस्तक उसवू लागली. ऐंशी पुस्तकं, आणि रविवार दोन दिवसांवर. चार उसवून झाली, तेव्हा समोरचं स्टूल सरकलं. हसरी सुई घेऊन बसली होती.

"तुम्ही उसवून जुळवा, मी शिवते. नंतर दोघी शिवू. आणि ताई, माझा राग अजून गेलेला नाही."

"राहू दे. पण हा फर्मा बघून घे."

"बघतेच आहे. आता प्रत्येक बघणार."

शनिवारी चार वाजता शेवटची प्रत आजोबांच्या ब्रशखाली गेली. त्याच्या थोडं आधी हसरी पुन्हा गुणगुणू लागली होती; आधी नाकातून, मग जरा मोठ्याने.

रविवारी हसरी उभी राहिली, आकडा सांगितला, आणि सगळ्या चर्चने पानं उलटली. मोजपट्टीने मनातल्या मनात मोजलं, पानांचा आवाज आपल्या वेळी मोठा होता की आता. अशी सवय एका शुक्रवारात जात नाही. तरी ती गायली, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत तिचा आवाज मोकळा झाला. गीतानंतर पाळकसाहेबांनी विचारलं, आठवड्यातल्या कुठल्या गोष्टीसाठी कुणाला आभार मानायचे आहेत? एकाची परीक्षा झाली होती, एकीचा गुडघा बरा झाला होता. मग मोजपट्टी उठली.

"मला या आठवड्यात काही मिळालं नाही," ती म्हणाली. "हिला मिळालं. त्याबद्दल मी प्रभूचे आभार मानते."

वाचकहो, आपल्या एकट्याच्या वाट्याला आनंद यायचा तो किती येणार? वर्षाकाठी दोन-चार वेळा, फार तर. पण शेजाऱ्याच्या, सहकाऱ्याच्या, भावाबहिणीच्या सुखात ज्याला आनंद मानता आला, त्याच्या घरी तो रोज येतो. मत्सर माणसाला मोजायला शिकवतो आणि श्रद्धा आभार मानायला. मोजणारा नेहमी कमी पडतो.

पाळकसाहेबांनी "आमेन" म्हणेपर्यंत हसरीने बाकावर थोडं सरकून तिला आपल्याशेजारी जागा करून दिली होती.