नाहूरच्या गच्चीवरचं गाऱ्हाणं

नाहूरची 'सागरमाया' सोसायटी रविवारी सकाळी साडेनऊला जमिनीपासून सुटली, तेव्हा दत्ताराम परब गच्चीवर टीव्हीची अँटेना फिरवत होता. खालून त्याची बायको जानकी ओरडली, "आता दिसतंय हो!" आणि त्याच क्षणी नाहूर स्टेशन काडेपेटीएवढं झालं.

तासाभरात आभाळ काळंकुट्ट झालं. हवा मात्र कुणीतरी मोजून दिल्यासारखी बेताची होती. बत्तीसच्या बत्तीस बिऱ्हाडकरू गच्चीवर गोळा झाले. गिरणी बंद पडल्यावर दत्ताराम मुलुंडच्या एका गोदामात चिकटला होता आणि सोसायटीचा सेक्रेटरी होता. गच्चीची चावी त्याच्याकडे, म्हणून आता यानाचा कप्तानही तोच. मतदान वगैरे कुणी घेतलं नाही.

मग पाण्याच्या टाकीवर ते येऊन बसलं.

त्याला आकार नव्हता, पण नजर होती. ती अंगावरून फिरली की लहानपणच्या चोऱ्या ओळीने आठवायच्या.

"मी उचललंय तुम्हाला," ते म्हणालं. "ठेवायचं की चुरगाळायचं, ते ठरलेलं नाही."

दुसऱ्या मजल्यावरचा नंदकिशोर बँकेत होता आणि विज्ञानकथा वाचायचा. तो दत्तारामच्या कानाला लागला. "घाबरू नका हो परब. गोष्टींत असले देव नेहमी भेटतात. कप्तान माणुसकीवर भाषण ठोकतो, ते वरमतात."

"मग ठोक ना तूच. माझी फाटलीय."

नंदकिशोर पुढे झाला, चष्मा पुसला. "हे महाशक्ती, माणूस चुकतो, पण शिकतो..."

एवढ्यावर त्याचं तोंड गेलं. चष्मा राहिला, मिशी राहिली, मिशीखाली नुसती गुळगुळीत कातडी. त्याची बायको शुभा किंचाळली नाही. तिने फक्त स्वतःचं तोंड चाचपून पाहिलं.

तेवढ्यात जानकीने दत्तारामला कोपराने ढोसलं. "बघताय काय असे? देव आहे ना? मग गाऱ्हाणं घाला!"

हे मात्र त्याला येत होतं. गावच्या देवळात त्याचे वडील घालायचे. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला एका सुरात रुकार द्यायचा. त्याने चपला काढल्या, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां भियाली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नंदकिशोर सोडून सगळे.

"तेंची काय चूक झाली आसात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि सगळ्यांका सुखरूप नाहूराक सोड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टाकीवरच्या त्याला हे आवडलं असावं. पुढचं भयंकर होतं: त्याने ती चाल उचलली. दत्तारामच्याच आवाजात, त्याच हेलात ते म्हणालं,

"बा देवा म्हाराजा, ही इमारत खाली जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक आनंदाने ओरडले.

"आणि ही जानकी कायमची माझ्याकडे रवू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवयच ती. शब्द सुटल्यावर सगळ्यांना कळलं. सगळ्यात खणखणीत आवाज दत्तारामचा होता.

जानकी गच्चीपासून वीतभर उचलली गेली. मग हातभर. दत्तारामने तिचा घोटा धरला. तो बर्फासारखा गार लागला.

"मी नाही गं म्हटलं!"

"म्हणालात. ऐकलं मी." तिचा आवाज आतापासूनच लांबून येत होता.

घोटा हातातून निसटायला लागला. दत्ताराम जिवाच्या आकांताने ओरडला, "ए! थांब! गाऱ्हाणं घातलंस ते कुणाला?"

"म्हणजे?"

"आम्ही तुला घातलं. आमच्या वर तू. तू कुणाला घातलंस? तुझ्या वर कोण आहे?"

सकाळपासून माणसांवर खिळलेली ती नजर हळूहळू वर वळली, आणि तिथेच थांबली. टाकी थरथरू लागली, पाणी कडेवरून सांडलं. मग ते टाकीत शिरलं आणि त्याने झाकण आतून ओढून घेतलं.

जानकी धाडकन दत्तारामच्या अंगावर कोसळली. इमारत खाली झेपावली. नंदकिशोरचं तोंड परत आलं. त्याने ते लगेच हाताने दाबून धरलं.

वर नजर जाऊ नये म्हणून दत्तारामने डोळे गच्च मिटले आणि जानकीच्या डोळ्यांवर पंजा ठेवला.

"अहो, वर काय आहे?"

"काही नाही. बघू नकोस."

"नाही बघत," ती म्हणाली. पण त्याच्या तळहाताखाली तिच्या पापण्या उघडत होत्या, आणि मान वर वळत होती.