टॅलबर्ग बरं की केरिक

विद्यापीठाची फुटबॉल मॅच दुपारी अडीचची होती, म्हणून आम्ही सकाळी आठलाच ल्युथरन चर्चच्या मागच्या पार्किंगमध्ये जाऊन बसलो. कुणाला हा वेडेपणा वाटत असेल तर वाटो. तेवीस वर्षं आमची जागा तीच आहे, कुंपणापासून चौथी, आणि ती सोडायची वेळ आली तर माझा नवरा ड्वेन आधी मला सोडेल. ड्वेनने ट्रकचं मागचं फळकूट पाडलं, ग्रिल उतरवली आणि सॉसेज बिअरमध्ये उकळायला टाकली. मी बटाट्याचं सॅलड मांडलं. विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या खानावळीत मी एकतीस वर्षं रांधतेय, त्यामुळे सुटीच्या दिवशी मला रांधायची हौस नसते. पण ड्वेनच्या हातचं सॅलड खाण्यापेक्षा ते बरं.

साडेआठला ऑरिन आला. ऑरिन आमचा शेजारी, वय सत्त्याहत्तर, अख्खा जन्म टॅलबर्गमध्ये टपाल वाटण्यात गेला. बायको जाऊन सहा वर्षं झाली. घडीची खुर्ची काखोटीला मारून, आमच्या संघाची डाळिंबी टोपी घालून तो चालत आला, आणि खुर्ची मांडायच्या आधी माझ्यामागून चर्चच्या नळापाशी आला.

"ब्रिटाने आज संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलंय, लव्हॉन," तो म्हणाला.

ब्रिटा त्याची मुलगी. ती केरिकला असते, इथून अडीच तासांवर. घराची खालची खोली तिने बापासाठी ठेवली होती. वर्षभर मागे लागली होती, आता कंटाळली. सोमवारी एक विद्यार्थी ती खोली बघायला येणार होता. खोलीत काही वाईट नव्हतं. वाईट होतं ते गाव. केरिक म्हणजे हिरव्या संघाचं गाव, आणि आज आमची मॅच हिरव्यांशीच होती.

"मग काय सांगणार तू?"

"आज केरिकहून कर्टिस येतोय. तो आणि ड्वेन कुठलं गाव बरं यावर भांडणारच. सगळं ऐकून घेतो आणि ठरवतो."

"अरे, राहायचं कुठे हे असं ठरवतात?"

"मग कसं ठरवतात? तुझ्या खानावळीतली पोरं कॉलेज काय बघून निवडतात, सांग बरं."

ती पोरं आइस्क्रीमचं मशीन बघून निवडतात हे मीच त्याला सांगितलं होतं.

"आणि मागच्या नोव्हेंबरचं काय?" मी विचारलं.

"त्याचा इथे संबंध नाही. आणि तू शब्द दिलायस."

दिला होता खरा. मागच्या नोव्हेंबरात ऑरिन स्वतःच्या पायऱ्यांवर घसरून पडला आणि मनगट मोडून घेतलं, एवढं गल्लीला ठाऊक होतं. उरलेलं फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. तेव्हापासून तो अंघोळीला जाताना फोन सोबत नेतो, आणि रात्री त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा विझला की मगच मी झोपते. तो गेला तर मला करमणार नव्हतं. तो राहिला तर मला झोप लागणार नव्हती. मी पाण्याचा जग भरला आणि परत आले.

कर्टिस नऊला हजर झाला, नखशिखांत हिरवा, हातात ॲपल पायचा डबा. तो केरिकमध्ये शाळेच्या बस दुरुस्त करतो. एकोणीस वर्षांपूर्वी याच पार्किंगमध्ये त्याचीच गाडी सुरू होईना, तेव्हा ड्वेनने बॅटरी जोडून दिली होती. "दुसऱ्यांच्या बस दुरुस्त करतो म्हणे," हा टोमणा ड्वेन त्याला तेव्हापासून दर वर्षी मारतो. एक वर्ष तो इकडे येतो, एक वर्ष आम्ही तिकडे जातो, आणि टॅलबर्ग बरं की केरिक हा वाद मागच्या पानावरून पुढे चालू राहतो.

"पुस्तकांची दुकानं किती तुमच्याकडे?" कर्टिसने बसायच्या आधीच सुरुवात केली. "एक. त्यातही निम्म्या दुकानात टोप्या."

"तुमच्याकडे चार, आणि चारही दुकानांत एकेक मांजर," ड्वेन म्हणाला. "मांजर झोपवलं की संस्कृती झाली का रे?"

"नदी आहे आमच्याकडे. संध्याकाळी लोक काठाने फिरतात."

"फिरतात कुठे, पळतात. ऑगस्टमध्ये काय वास येतो तिला! मी स्वतः नाक धरून पळालोय."

"तुमच्या मेन स्ट्रीटवर काय उरलंय? बँक, बँक, फोनचं दुकान, बँक."

"पाहुण्याला गाडी लावायला जागा तरी देतो आम्ही. तुम्ही शेत दाखवता! मागच्या वर्षी माझे बूट मक्याच्या चिखलात गेले, ते अजून निघतायत."

माझं विचाराल तर मला ही दोन्ही गावं सारखीच दिसतात. दोन्हीकडे घड्याळाचा मनोरा, तोही पाच मिनिटं मागे. दोन्हीकडे मे महिन्यात पोरं घरी गेली की फुटपाथवर डागाळलेले सोफे. दोन्हीकडचे प्राध्यापक आपलं गाव छोटं आहे म्हणून कुरकुरतात आणि तिथेच म्हातारे होतात. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. हे या दोघांना सांगणार कोण? मी सॉसेज ग्रिलवर टाकली आणि ऑरिनकडे बघत राहिले.

तो एरवी या भांडणात सगळ्यात आधी पेटतो. आज तो गुडघ्यांवर हात ठेवून, साक्षी ऐकायला बसल्यासारखा बसला होता. मध्येच त्याने विचारलं, "कर्टिस, तुमच्याकडे फुटपाथवरचा बर्फ कोण काढतं?"

"ज्याचं घर तो काढतो. का?"

"आणि दारात पायऱ्या किती असतात? साधारण."

"पायऱ्या?" कर्टिसने ड्वेनकडे पाहिलं. "तीन. चार. हा कुठला मुद्दा, ऑरिन? याचे गुण कुणाला?"

"असंच विचारलं."

"टपालवाला शेवटी," ड्वेन हसला. "आता म्हणेल, कुत्री किती चावतात?"

"चावतात का?" ऑरिनने गंभीरपणे विचारलं, आणि मग सगळेच हसले. मी नाही हसले.

अकराला विद्यापीठाचा बँड पार्किंगमधून गेला. ट्युबाचे मोठे भोंगे वाजवणाऱ्या दोघी पोरींना ड्वेनने सॉसेज दिली, त्यांनी तिथेच उभ्याने खाल्ली आणि धावत रांग गाठली. ऑरिन टोपी काढून उभा राहिला होता. त्याचे डोळे भरले होते, आणि तो ते लपवत नव्हता. मला कळून चुकलं की वाद कुणीही जिंको, हा जाणार नाही.

"बघ," ड्वेन कर्टिसला म्हणाला, "हे आहे तुमच्याकडे?"

"बँड आमचाही आहे."

"बँड असेल. पण गाव आहे का असं? अरे, मॅच सुरू झाली की टॅलबर्गमध्ये चिटपाखरू दिसत नाही. मेन स्ट्रीटच्या मधोमध जाऊन आडवा पड. तीन तास तुला कुणी उठवणार नाही!"

"हे तू मला सांगतोस?" कर्टिस उसळला. "आमच्याकडे तर कुत्रीसुद्धा मैदानावर जातात. सगळं केरिक! एक खुर्ची रिकामी दाखव, टोपी खाऊन टाकीन."

ऑरिनने मांडीवर थाप मारली. "झालं! मेन स्ट्रीटचा मुद्दा बिनतोड आहे. जिंकलं टॅलबर्ग." आणि खिशातून फोन काढत तो म्हणाला, "ब्रिटा मला केरिकला ये म्हणत होती राहायला. कायमचं. आता तिला कळवून टाकतो, दे बाई ती खोली त्या विद्यार्थ्याला."

ड्वेनला हे नवीनच होतं. आधी तो चपापला, मग त्याने ऑरिनला मिठीच मारली. "केरिकला? तू? अरे, तुला तिथे हिरवा मोजा तरी चढेल का पायात?" कर्टिसही हसत होता. बिचाऱ्याला वाटलं, आपण एक चांगला वाद हरलो, बस.

मी चिमटा खाली ठेवला.

"मेन स्ट्रीटवर नाही," मी म्हणाले. "पण आपल्या एल्म स्ट्रीटवर, स्वतःच्या दारात, हा पडला होता. मॅच चालू असताना. उठवलं का कुणी?"

"लव्हॉन," ऑरिन म्हणाला.

"याने तुम्हाला काय सांगितलं? संध्याकाळी कचरा टाकायला निघालो, घसरलो, लव्हॉन लगेच आली. खोटं आहे ते. त्याला सर्दी झाली होती म्हणून तो मॅचला आला नव्हता. खेळाच्या तिसऱ्या क्वार्टरला दारावरचा संघाचा झेंडा सरळ करायला बाहेर आला आणि पडला. गुडघा हलेना, मनगट मोडलेलं. तासभर हाका मारत होता. ऐकणार कोण? अख्खा एल्म स्ट्रीट मैदानावर. स्वयंपाकघरातला रेडिओ चालू होता, तेवढीच सोबत. मी आले तेव्हा याचे ओठ निळे झाले होते, आणि मला म्हणाला काय, तर शेवटचा क्वार्टर छान झाला."

ड्वेन ग्रिलकडे वळला.

"आणि मी लवकर येऊ शकले असते," मी म्हणाले, कारण आता मागे काय ठेवायचं? "मॅच संपलीच होती. पण जिंकलो होतो ना. मी विद्यापीठाचं गाणं म्हणायला थांबले. तिन्ही कडवी. तू बारमध्ये गेलास, ड्वेन, आणि मी गाणं म्हणत उभी राहिले." त्या गाण्याची मला अजून लाज वाटते. सूर कानावर आला की पायऱ्या दिसतात.

"तू शब्द दिला होतास," ऑरिन म्हणाला. तो लालबुंद झाला होता.

"दिला होता. मोडला. आता बोलू नकोस माझ्याशी, हवं तर. पण ब्रिटाला फुटबॉल आवडत नाही म्हणून तू गावभर रडतोस ना? पोरगी मॅचच्या दिवशी घरात बसते, पुस्तक वाचते, बापाचं नाव घालवते म्हणून? अरे, तीच तर हवी तुला घरात!"

ड्वेन ग्रिलकडे तोंड करून उभा होता. सॉसेज जळायला लागली होती आणि तो ती उलटत नव्हता. शेजारच्या ट्रकमधल्या कुणीतरी आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागलं. ऑरिन खुर्चीत बसला, टोपी हातात घेऊन, तिची कड फिरवत. त्याला घरी जायचं असेल असं मला वाटलं. पण तो कर्टिसकडे वळला.

"ब्रिटाला कधीकधी सुटीच्या दिवशीही ऑफिसला जावं लागतं. तिचं काही खरं नसतं," तो म्हणाला. "लिंडेन स्ट्रीटला राहते ती. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. मैदानाच्या मागे."

"मॅचच्या दिवशी त्या रस्त्यावर कुणी असतं का?"

कर्टिस उभाच होता, हातात कागदी बशी. हा माणूस एकोणीस वर्षं आमच्याशी हुज्जत घालतोय. केरिकचं मैदान कधी नव्हे ते सात खुर्च्यांनी रिकामं होतं असं एकदा वर्तमानपत्रात आलं, तर त्याने संपादकाला चार पानी पत्र लिहिलं होतं. त्याने बशी ट्रकच्या फळकुटावर ठेवली आणि डोक्यावरची हिरवी टोपी काढली.

"खरं सांगू का, ऑरिन," तो म्हणाला. "आमच्याकडे कुणी जात नाही मॅचला."

ड्वेनने मान वर केली.

"म्हणजे, जातात थोडेफार. निम्मं मैदान ओस असतं. टीव्हीवर दाखवत नाहीत, एवढंच. लिंडेन स्ट्रीटवर तर सगळे घरीच. अंगणात पानं गोळा करत असतात. गप्पा मारत असतात. कुणी शिंकलं तरी चार माणसं विचारायला येतात." त्याने हातातल्या टोपीची घडी घातली. "आम्हाला तेवढं वेड नाही रे. तुमच्याएवढं नाही."

एरवी एवढ्या कबुलीवर ड्वेन वर्षभर नाचला असता. आज तो चिमट्याने जळकी सॉसेज एकेक करून बाजूला काढू लागला.

ऑरिन कर्टिसकडे बघत राहिला. केरिकच्या त्या मैदानावर तो आमच्यासोबत नऊ वेळा गेला होता. रेटारेटीत एकदा त्याचा चष्मा फुटला होता. त्याने टोपी डोक्यावर घातली, फोन लावला, आणि पलीकडून आवाज आल्यावर जरा खाकरला.

"ब्रिटा? हो, मीच. ऐक, ती खोली कुणाला देऊ नकोस... हो. हो, येतो... नाही गं, गाव काही फार ग्रेट नाही. पण लोक घरी असतात म्हणे."