घोरण्याला एक्क्याण्णव टक्के

त्या रविवारी दुपारी सिस्टरच्या नवऱ्याला परक्या भाषेत एक्क्याण्णव टक्के पडले, आणि तेव्हा तो गाढ झोपलेला होता.

झालं असं. सिस्टर मोबाईलवर तिकडच्या भाषेचा धडा करत बसली होती. समोर चटईवर नवरा आडवा. सुतार माणूस, झोपेतही करवत चालवतो. धड्यातलं वाक्य होतं, 'माझ्या काकांकडे निळी छत्री आहे.' ते मोठ्याने म्हणायचं, म्हणजे पडद्यावरचा ससा ऐकतो आणि मार्क देतो. तिने माईकचं बटण दाबलं आणि तेवढ्यात दूध करपल्याचा वास आला. मोबाईल चटईवर टाकून ती आत पळाली. परत येऊन बघते तर ससा दोन पायांवर नाचतोय. 'अप्रतिम उच्चार! एक्क्याण्णव टक्के!'

खोलीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. करवत चालूच होती.

तिने पुन्हा बटण दाबलं आणि मोबाईल सरळ नवऱ्याच्या नाकाशी धरला. घर्रर्र. ससा म्हणाला, 'वा! तुम्ही तर तिकडचेच वाटता!'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तेच वाक्य सकाळी तिने घसा खरवडून म्हटलं होतं, आणि तिला मिळाले होते त्र्याण्णव. म्हणजे सहा महिने पहाटे उठून केलेला अभ्यास आणि नवऱ्याचं घोरणं, यात फरक किती, तर दोन टक्के!

आणि हा काही हौसेचा मामला नव्हता. सिस्टर पुरुषांच्या वॉर्डात नर्स. चाळीस खाटा आणि ती एकटी. कुणाचं सलाईन संपलंय, कुणी पलंगावरून उतरायला बघतोय, आणि नातेवाईक तिच्याच अंगावर ओरडतायत. तिकडच्या एका हॉस्पिटलने तिला जवळजवळ निवडलं होतं. तिकडे एका नर्सला सहा पेशंट. कागद झाले, तपासण्या झाल्या, राहिली होती फक्त व्हिडिओवरची तोंडी मुलाखत, तिकडच्या भाषेत, येत्या महिन्यात. नापास झाली तर दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही, आणि दोन वर्षांनी तिचं वय बसत नाही. विषय संपला.

तिने नणंदेला फोन लावला. ससा घरात आणला तो वन्संनीच.

"अगं वहिनी, ससा किती गोड आहे! आणि मार्कांच्या लीगमध्ये मी पहिली आहे, सांगितलं ना तुला?"

"सांगितलंत. रोज सांगता. बोलून दाखवा बरं काहीतरी."

नणंदेने टेचात म्हटलं, काकांकडे निळी छत्री आहे.

"आणि नसली तर?"

"म्हणजे?"

"काकांकडे छत्री नाही, हे कसं म्हणायचं?"

"तो धडा अजून उघडला नाही माझा."

"दोनशे धडे झाले तुमचे, वन्सं! आणि 'नाही' म्हणता येत नाही?"

"तुला माझा पहिला नंबर बघवत नाही, वहिनी. सरळ सांग ना तसं." आणि फोन कट.

सिस्टर तणतणत घरभर फिरली. वॉर्डात एखादा थर्मामीटर गार पाण्यात बुडवला आणि तरी ताप दाखवायला लागला, तर तो कचऱ्यात जातो. मग हे सगळं तसंच तपासायचं. बाजारात जे जे म्हणून भाषा शिकवतं म्हणतंय, त्या प्रत्येकाला नवऱ्याचं घोरणं ऐकवायचं. जो म्हणेल 'हे चूक आहे', तो खरा.

नवरा तयारच होता. झोपायचंच तर काम.

दुसऱ्या ॲपवर कोट घातलेला मास्तर होता. त्याने घोरणं शांतपणे ऐकलं आणि लिहिलं, 'तीन चुका सापडल्या. चुका पाहण्यासाठी पॅकेज घ्या.'

"घोरण्यात तीन चुका!" सिस्टर किंचाळली. "आणि त्या बघायला वर पैसे!"

नवरा उठून बसला. "घे ना पॅकेज. कळू दे तरी मी कुठे चुकतोय."

"तुम्ही झोपा!"

तिसरा होता कृत्रिम बुद्धीचा गुरुजी. गप्पा मारत शिकवणारा. त्याची जाहिरात सगळ्यात मोठी. त्याने घोरणं ऐकलं आणि म्हणाला, 'किती खोल विचार मांडलात! यावर तुमचं मत अजून ऐकायला आवडेल.' सिस्टरने दातओठ खात लिहिलं, 'अरे, तो माणूस झोपलाय.' उत्तर हजर. 'अगदी बरोबर! विश्रांतीचं महत्त्व तुम्ही सुंदर पटवून दिलंत.'

मोबाईल भिंतीवर आपटायला तिने हात उचलला होता. नवऱ्याने धरला म्हणून वाचला.

"लाज नाही का रे यांना?" ती म्हणाली. "मी उद्या कुणाला चुकीचं इंजेक्शन दिलं तरी म्हणतील, वा सिस्टर, काय सुंदर टोचलंत!"

शेवटची उरली एक साधी वेबसाइट. ना ससा, ना मास्तर. तिकडचं माणूस आपल्याला शिकवतं, आपण त्याला आपली भाषा शिकवायची. पहिल्या दोघांनी नमस्काराच्या आधी फोटो मागितला. त्यांना तिने घालवलं. तिसरी एक बाई निघाली, बस चालवून निवृत्त झालेली. केस बारीक कापलेले, चेहरा असा की आत्ताच कुणालातरी बसमधून उतरवून आलीय. तिला आपली भाषा कशाला हवी होती? तर तिच्या वरच्या मजल्यावर आपल्याकडचं एक कुटुंब राहायला आलं होतं, आणि तिला त्यांच्याशी नीट भांडायचं होतं.

सिस्टरने तिला घोरण्याची गोष्ट मोडकंतोडकं बोलत, हातवारे करत सांगितली. बाई हसली नाही. म्हणाली, "वाक्य म्हण."

सिस्टरने छत्री काढली.

"नाही."

पुन्हा.

"नाही. घशातून नको. ओठ पुढे."

पुन्हा. नाही. पुन्हा. नाही. सिस्टरच्या कानशिलांना घाम आला. शेवटी एकदाचं बाईने नुसतं "हं" केलं. सहा महिने ससा नाचत होता, पण त्या एका 'हं'ची सर त्याला नव्हती.

मग बाईची पाळी. वरच्यांना ऐकवायचं वाक्य तिने आपल्या भाषेत जुळवून आणलं होतं. "तुमचा मूल... माझा डोका... वरती नाचतो."

"वा! छान!" सिस्टर म्हणाली.

बाईने डोळे बारीक केले. "हे मी त्यांना म्हणाले, तर ते काय करतील?"

"कळेल त्यांना. पण... हसतील."

"मी भांडायला जाणार, आणि ते हसणार. मग छान का म्हणालीस?" बाईचा आवाज चढला. "तू पण ससा आहेस का?"

सिस्टरच्या जिवाला ते असं लागलं की तिला खुर्चीत बसवेना. आठवडाभर ती सशाच्या नावाने बोटं मोडत होती, आणि ससा तिच्याच तोंडात बसलेला. वॉर्डात तरी दिवसभर काय चालतं? 'काही नाही हो आजोबा, छान आहे जखम.' पू वाहत असतो.

तिने श्वास घेतला. "चूक. तुमची मुलं माझ्या डोक्यावर नाचतात. म्हण."

"तुमची मूल..."

"चूक. पुन्हा."

बाई पहिल्यांदा हसली.

पुढचे दिवस दोघी एकमेकींवर खेकसतच होत्या. नवरा म्हणायचा, "भाषा शिकताय की इस्टेटीची वाटणी चाललीय?"

मुलाखतीला पडद्यावर मेट्रन आली. चष्मा, पाठ ताठ. चार इकडचे तिकडचे प्रश्न झाले, आणि मग तिने एका पेशंटच्या गोळीबद्दल भरभर काहीतरी सांगितलं. सिस्टरला नाडी कळली, साठ कळलं, गोळी कळली. मधलं निसटलं. मान डोलवायला सुरुवातच झाली होती, सवयच ती. तिने मान जागच्या जागी थांबवली.

"समजलं नाही. पुन्हा सांगा."

मेट्रनने पुन्हा सांगितलं, त्याच वेगात.

"नाही. हळू सांगा."

मेट्रनच्या कपाळाला आठी पडली. सिस्टरला वाटलं, संपलं, गेली नोकरी. तरी ती तशीच बघत राहिली. तिसऱ्यांदा मेट्रन शब्द सुटे करून बोलली आणि मधला तुकडा हाताला लागला. सिस्टरने म्हणून दाखवलं. नाडी साठच्या खाली असेल, तर गोळी द्यायची नाही.

द्यायची नाही! मान डोलवली असती तर दिलीच असती.

"तुमची भाषा कच्ची आहे," मेट्रन म्हणाली.

"हो."

"सकाळपासून सगळ्या जणी पहिल्याच वेळी हो म्हणाल्या. आणि पुढच्या प्रश्नाला गोळी देऊन मोकळ्या झाल्या." तिने कागदावर काहीतरी खरडलं. "इथे आल्यावर वर्गात बसावं लागेल. माणसासमोर."

नोकरी मिळाली.

आठवड्याने नणंदेचा फोन. आवाज रडका आणि रागाचा, दोन्ही. "वहिनी! तू मला मागे टाकलंस! मी दुसरी झाले लीगमध्ये!"

"मी नाही हो वन्सं. मी ससा कधीच सोडला."

"मग तुझ्या नावावर पहिलं कोण आलंय?"

सिस्टरने चटईकडे पाहिलं. नवऱ्याच्या उशाशी तिचा जुना मोबाईल, त्यानेच झोपताना चालू करून ठेवलेला, आणि त्यावर ससा बेभान नाचत होता. तिने फोन तिकडे धरला. घर्रर्र.

"तुमचा दादा," ती म्हणाली.

नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, म्हणजे मी इतके दिवस... मला काहीतरी येतं ना गं?"

'येतं की, छान येतं,' असं सिस्टरच्या अगदी ओठावर आलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी या. काकांची छत्री काढून घेण्यापासून सुरुवात करू."