पाच पिल्लांची गादी

माझ्या हातच्या गादीवर झोपलेला एक गृहस्थ तीन दिवस उठला नव्हता. चौथ्या दिवशी घरच्यांनी डॉक्टर बोलावला, तर तोही नाडी बघता बघता शेजारी आडवा झाला. खोटं वाटत असेल तर त्या डॉक्टरला विचारा. उठला असेल तर सांगेल.

सांगायचा मुद्दा असा, की चाळीस वर्षं मी गाद्या आणि सोफे शिवले आणि माझा टाका कधी उसवला नाही. गादीच्या कोपऱ्यात माझ्या नावाची पट्टी असायची, आणि खाली एक ओळ : ‘वीस वर्षं उसवणार नाही.’

लेक एकुलती एक. वाटलं, दुकान पुढे चालवेल. तिने चालवलंही, पण कशाचं? कुत्र्यांच्या सलूनचं! अर्ध्या दुकानात माझी शिलाई मशीन, अर्ध्या दुकानात तिचा टब, नळी आणि केस वाळवायचं यंत्र. पहिल्या दिवशी मी म्हटलं, “चार पिढ्या माणसांना झोपवलं, आता तू कुत्र्यांना आंघोळी घाल.”

“बाबा, कुत्रं आंघोळीनंतर पैसे कमी करा म्हणत नाही,” ती म्हणाली. गिऱ्हाइकांचा मलाही अनुभव होता.

तर एके दिवशी रस्त्यावरची एक तांबूस कुत्री पोट सांभाळत आत आली आणि माझ्या मशीनखाली तिने पाच पिल्लांना जन्म दिला. त्यांची नावं मीच ठेवली : टाचणी, सुतळी, चिंधी, गुंडी आणि कापूस. नातवंडं आल्यासारखी माझी छाती फुगली. म्हटलं, यांना अशी गादी करतो की राजाने मागून घ्यावी. आत चार बोटं जाड फोम, वरून लाल मखमल, खालून रेक्झिन, कडेने पायपिंग आणि चारही बाजूंनी दुहेरी शिलाई. मुंगी आत शिरायची म्हटली तरी तिला कात्री घेऊन यावं लागलं असतं. कोपऱ्यात पट्टी लावायला अर्थातच विसरलो नाही.

पिल्लं दीड महिन्याची झाली आणि बिघडलं. आमच्या इमारतीत एक टोपीवाल्या बाई आहेत. त्या स्वतः टोपी घालतात आणि त्यांचा कुत्राही घालतो. त्यांनी कौतुकाने कापसाला उचललं, पोटाकडे पाहिलं आणि अशा किंचाळल्या की समोरच्या झाडावरचे कावळे गाव सोडून गेले. अजून आलेले नाहीत.

“खरूज! या सलूनमध्ये खरूज आहे!”

संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. दुसऱ्या दिवशीच्या सहा आंघोळी रद्द. तिसऱ्या दिवशी इमारतीचे चिटणीस आले. त्यांना आम्ही नियमबुवा म्हणतो, कारण ते शिंकण्याआधीही नियमावली बघतात.

“रविवारी सभा आहे,” ते लेकीला म्हणाले. “तोवर हा रोग गेला नाही, तर प्राण्यांचा धंदा बंद करावा लागेल. मी वाईट माणूस नाही, पण नियम आहे.”

“आणि रोग नसेलच तर?”

“तर तसं सिद्ध करा.”

लेकीने तीन वर्षं एकेक गिऱ्हाईक जोडून ते सलून उभं केलं होतं. नियमबुवा गेल्यावर ती खुर्चीत बसली नाही की रडली नाही. टॉर्च घेतला, कापसाला मांडीवर उताणं केलं आणि बघत राहिली. मी तोवर माळ्यावरून माझी खास बाटली काढली होती : टर्पेंटाईन, गंधक आणि आणखी दोन गोष्टी, ज्या मी मरतानाही सांगणार नाही.

“हे लाव. खरूजच काय, पाव्हणेही पळतात.”

“बाबा, ठेवा ते खाली! ती अंग चाटतात. पोटात गेलं तर?” मग टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणाली, “नीट धरा. बघा, पुटकुळ्या फक्त पोटावर आणि जांघेत, जिथे केस नाहीत तिथे. काहींत पू, काहींवर खपली. पाठ स्वच्छ, कानांच्या कडा स्वच्छ. गजकर्णासारखं गोल टक्कल कुठे नाही. आणि सकाळपासून एकानेही खाजवलेलं मी पाहिलं नाही. खरूज असती तर ती स्वस्थ झोपली असती का?”

“मग जाऊन सांग की त्या टोपीला!”

“माझ्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवेल? डॉक्टरांना दाखवायचं.”

पाचही पोरांना टोपलीत घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कातडीवरून पात्याने हलकेच खरवडलं आणि मायक्रोस्कोपखाली पाहिलं. खरजेचा किडा नाही. “लहान पिल्लांना होतात अशा पुटकुळ्या,” त्या म्हणाल्या. “बहुतेक वेळा ओल आणि अस्वच्छता हे कारण असतं. ओळखलं कुणी?”

मी लेकीकडे असं बोट केलं, जसं काही मीच तिला शिकवलं होतं.

त्यांनी एक जंतुनाशक दिलं. सांगितलेल्या मापातच पाणी घालायचं, दिवसातून दोनदा हलक्या हाताने पुसायचं, मग कोरड्या कापडाने टिपायचं. पुटकुळी फोडायची नाही. माणसांचं मलम लावायचं नाही. पसरलं, पिल्लू मलूल झालं किंवा दूध सोडलं, तर लगेच आणायचं.

लेकीने घड्याळ लावून सगळं केलं. दोन दिवसांत खपल्या धरल्या. तिसऱ्या दिवशी टाचणीच्या पोटावर पुन्हा चार नव्या! सभेला चार दिवस उरलेले.

तिने टब घासला, टॉवेल उकळले, फरशी पुसली. पिल्लं पुसून कोरडी होऊन गादीवर जात आणि सकाळी पोटं पुन्हा दमट. शेवटी ती गादीपाशी गुडघ्यांवर बसली. मखमल वरून कोरडी होती. रोज वाळवायच्या यंत्राने तीच तर वाळवायची. तिने दोन्ही तळवे टेकले आणि जोर दिला.

शिलाईतून पिवळं पाणी वर आलं.

मला माझ्या बोटांची कामं माहीत आहेत. त्या पाण्याकडे बघताक्षणी कळलं. पाच पिल्लांचा दीड महिन्याचा कारभार मखमलीतून फोममध्ये मुरला होता. खाली रेक्झिन, बाजूला माझी दुहेरी शिलाई. वाळायचं म्हटलं तर जाईल कुठे? मुंगीला वाट ठेवली नव्हती, तर पाण्याला कुठून असणार!

लेक हात फडक्याला पुसत राहिली. तेच मला लागलं.

“दुसरी गादी टाकू,” मी म्हटलं. “ही गुपचूप फेकून देऊ. सभेत सांगू की नियमबुवांच्या न्हाणीघरातून पाणी गळतं. गळतंही थोडंसं.”

“बाबा.”

“अगं, तुझं सलून जाईल! लोक म्हणतील, हिच्याच दुकानात घाण होती.”

“होतीच की. टाका चुकला तर काय करायचं, कोणी शिकवलं मला? उसवायचा. वरून दुसरा मारायचा नाही.”

आपलेच दात, आपलेच ओठ. मी पातं घेतलं आणि बसलो. वीस वर्षं न उसवणारा टाका उसवायला मला दोन तास लागले. इतका मजबूत होता, काय सांगू! फोम बाहेर आला तेव्हा वासाने भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं.

मग जुन्या सुती चादरींचे सहा अभ्रे शिवले, तोंडाशी नाडी घालून. एक अंगावर, बाकीचे धुण्यात आणि वाळत. आत दुमडलेली घोंगडी, तीही धुता येणारी. पट्टी लावली नाही.

रविवारी अंगणात सभा भरली. टोपीवाल्या बाई टोपीसकट पुढच्या रांगेत. लेकीने कापसाला उताणं करून सगळ्यांसमोर धरलं. दोनचार वाळलेल्या खपल्या, बाकी पोट गुलाबी. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी तिने वाचून दाखवली.

“ठीक,” नियमबुवा म्हणाले. “खरूज नाही. पण कारण काय? पुन्हा होणार नाही कशावरून?”

“कारण आमच्याच दुकानात होतं,” लेक म्हणाली. “पिल्लांची जागा ओली राहत होती. माझं लक्ष…”

आता मात्र मी उठलो. तिचं लक्ष! फाटलेली लाल खोळ पिशवीतून काढली आणि नियमबुवांच्या टेबलावर पसरली, माझ्या नावाची पट्टी वर येईल अशी.

“कारण हे. मी शिवलं. बाहेरून राजवाडा, आतून डबकं. चाळीस वर्षांत पहिली चूक माझी. आणि ती सापडली कुणाला? हिला. इमारतीत सगळे ‘खरूज खरूज’ ओरडत होते, तेव्हा ही एकटी टॉर्च घेऊन बघत बसली होती.”

कोणी हसलं नाही. नियमबुवा पट्टी वाचत होते. “माझ्याकडेही तुमचीच गादी आहे. ती कोरडी असेल ना?” ते हळूच म्हणाले.

“तुम्ही रात्री कसे वागता त्यावर आहे,” मी म्हटलं.

मग सगळे हसले. टोपीवाल्या बाई सगळ्यांत जोरात. सलून चालू ठेवण्याच्या बाजूने सगळे हात वर गेले, आणि सोमवारच्या पहिल्या आंघोळीसाठी टोपीवाल्या बाईंनी तिथेच वेळ मागितली.

सोमवारी त्यांच्याआधीच नियमबुवा हजर. बगलेत म्हातारा कुत्रा. त्याच्या गळपट्ट्याखाली लाल, ओलसर चट्टा. “चार दिवस झाले,” ते पुटपुटले. “सभा होती म्हणून बोललो नाही.” लेकीने दमट गळपट्टा सोडवला, भोवतीचे केस कापले आणि त्यांना सरळ डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. “हे माझ्या हातचं नाही, काका. त्याला खाजवू देऊ नका आणि आजच दाखवा.”

काका! नियमबुवांना जन्मात कोणी काका म्हटलं नव्हतं. ते वितळले.

तेवढ्यात सुतळीने त्यांच्यादेखत नव्या गादीवर कार्यक्रम उरकला. लेकीने नाडी ओढली, अभ्रा काढला, दुसरा चढवला. मी घड्याळाकडे पाहिलं, तर ते अजून बंदच. पण दहा आकडे मोजायच्या आत झालं, हे नियमबुवांनी मोजलंय, विचारा. मी पुन्हा मशीनवर मान घातली. नवी पट्टी शिवत होतो. तिच्यावर या वेळी लेकीचं नाव होतं, आणि खाली ओळ : ‘रोज उसवा, धुवा, वाळवा.’