ईरम्माच्या किटलीतला काळा चहा

खटकचिंचोळीच्या चावडीपुढे त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेतली पोरंही तिकडे पळाली, म्हणून मी, त्यांचा मास्तर, मागोमाग गेलो. मधोमध घोंगडीवर शिवय्या स्वामी बसले होते. महिनाभरात गावातल्या सहा म्हशी आटल्या होत्या आणि भानामती काढायला त्यांना खास बोलावणं गेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल ते. कडब्याची काडी मिळत नव्हती, पण म्हशी आटण्याचं कारण कोणालाही चाऱ्यात दिसलं नाही.

स्वामींची परीक्षा मोठी चवदार होती. प्रत्येक घरच्या सुनेनं आपल्या भांड्यात चहा करायचा आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या कपात ओतायचा.

"दूध घालू नका. दूध पाप झाकतंय. कोरा चहा खरं बोलतोय," असं ते दर कपाला सांगत आणि कपही रिकामा करत.

अठरा घरांचा चहा लाल निघाला. एकोणिसावी रेवणप्पांची सून, ईरम्मा. तिनं निळ्या किटलीतून ओतला तो शाईसारखा काळा. बायका मागे सरकल्या.

"जिभंवरचा मंत्र चहात उतरलाय," स्वामी म्हणाले. "हिचे पुढचे दात काढा, म्हंजी मंत्र फुटायचा न्हाई. लोहाराला सांडशी घिऊन बलवा."

कांदा चिरायला सांगावा तसं सांगितलं त्यांनी. असे दात काढलेली एक बाई मी लहानपणी पाहिली आहे. ती पेज पीत असे आणि कोणाशी बोलत नसे. ईरम्माचा नवरा हैदराबादला कामाला होता. सासरे रेवणप्पा समोरच मान खाली घालून बसले होते.

मी पुढे सरकलो, त्याला आणखी एक कारण होतं. ती किटली मीच दिली होती. आम्ही छप्पन्ननंतर बौद्ध झालेले. या गावात बदलून आलो तेव्हा माझी कपबशी वेगळी, वळचणीला ठेवलेली असायची. घरातल्या कपात पहिल्यांदा चहा दिला तो ईरम्मानं. म्हणून हैदराबादच्या जुन्या बाजारातून मी तिच्यासाठी ही किटली आणली. निजामाच्या काळात कुण्या साहेबाच्या बंगल्यावर होती, असं दुकानदार म्हणाला होता. ओतीव लोखंडाची, म्हणजे बिडाची, हाताला जड. बाहेरून निळं आणि आतून पांढरंशुभ्र इनॅमल.

मी झाकण काढून आत पाहिलं. तळाचं पांढरं इनॅमल गेलं होतं आणि गंजलेलं बीड उघडं पडलं होतं.

"ईरम्मा, ही कशानं घासतेस?"

"राखंनं आन् इटंच्या भुकटीनं, पितळंवानी. रोज घासते, गुरुजी. डाग ऱ्हाऊ दिला न्हाई कंदी."

इनॅमल म्हणजे लोखंडावर भाजून चढवलेला काचेचा पातळ थर. ते मऊ फडक्यानं धुवावं, कोरडं करून ठेवावं, तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये. विटेची भुकटी पितळ उजळते, काच खरवडते. हे मी देतानाच सांगायला हवं होतं. उलट किटली किती चकाकते म्हणून मी तिचं कौतुक करत राहिलो.

"स्वामी," मी म्हणालो, "हिला दुसऱ्या भांड्यात चहा करू द्या."

आधीच्या अठरा सुनांपैकी सावित्रीबाईंचा चहा सगळ्यांत आधी लाल ठरला होता. त्यांनी आपलं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं पुढे केलं. ईरम्मानं त्यात केलेला चहा लाल निघाला. मग सावित्रीबाईंनी किटलीत केला, तो काळा.

स्वामी डगमगले नाहीत. "भानामती किटलीत शिरलीया. आता हात लावलेल्या बाईत बी शिरली."

गर्दी सावित्रीबाईंकडे बघू लागली. एकीला वाचवायला जाऊन मी दुसरीचे दात पणाला लावले होते. 

तेवढ्यात मारोती लोहार सांडशी घेऊन आला. सांडशी गंजकी होती. पातेल्यातला लाल चहा मी उकळून काचेच्या पेल्यात ओतला आणि मारोतीच्या हातातून सांडशी घेऊन त्यात उभी केली.

"पाव तास थांबा."

 चहा आधी गढुळला, मग काळसर झाला, मग पेल्याच्या पलीकडचं दिसेना.

"आता हिचे दात काढा," मी सांडशी वर धरून म्हणालो. "चहात हिरड्यासारखा तुरटपणा असतो. त्याला लोखंड मिळालं की काळं होतं. जुने लोक अशीच शाई करायचे."

"व्हय," रेवणप्पा हळूच म्हणाले. "माझा बाप लोखंडाच्या कढईत हिरडा उकळायचा, शाईसाठी."

ईरम्मानं त्यांच्याकडे पाहिलं. "मग सकाळी कामून बोलला न्हाईत, मामा?"

रेवणप्पांनी पुन्हा मान खाली घातली.

तीच पुढे म्हणाली, "चार दिसाखाली ह्ये स्वामी भिक्षेला आलते. ह्याच किटलीतला कोरा चहा पिले. तवा म्हणले, लई गोड हाय."

म्हणजे काळा चहा आधी पाहिला होता आणि परीक्षा नंतर रचली होती. लोक वळून बघेपर्यंत स्वामींची घोंगडी गुंडाळून झाली होती. त्यांना कोणी अडवलं नाही. ईरम्माची माफीही कोणी मागितली नाही.

तिचे सगळे दात शाबूत आहेत. तरी हसताना ती अजून पदर तोंडाशी धरते, आणि ते पाहिलं की मला स्वामीपेक्षा त्या गर्दीचाच जास्त राग येतो. त्यातल्या निम्म्यांनी हिरड्याची शाई वापरली होती. ठाऊक असलेलं वेळेवर बोलायला काही खर्च येत नाही, बाबांनो. चहा काळा झाला तर भांड्यात डोकावा, बाईच्या तोंडात नको.