जसं बोललं तसं

देवळाली प्रवराच्या पुढे पाटाच्या कडेने एक कच्चा रस्ता उसातून जातो. त्याच्या टोकाला पंचेचाळीस घरांची वस्ती आहे आणि वस्तीत एका खोलीची अंगणवाडी. राजेश्वरी तिथे अकरा वर्षं सेविका होती. पहिली आठ-नऊ वर्षं तिनेही इतरांसारखंच शिकवलं. फळ्यावर अ काढायचा, पोरांनी तो गिरवायचा, ज्याचा वाकडा येईल त्याचा हात धरून सरळ करायचा. मग संगमनेरला एक आठ दिवसांचं प्रशिक्षण झालं, आणि तिथून आल्यावर तिने सकाळचा पहिला अर्धा तास बदलून टाकला. पोरांना गोल बसवायचं. कुणी काय पाहिलं, घरी काय झालं ते एकेकाने सांगायचं. बाईंनी ते भिंतीवरच्या मोठ्या कागदावर लिहायचं आणि बोट फिरवत सगळ्यांनी मिळून वाचायचं.

तिचा नियम एकच होता. पोर जसं बोललं तसं लिहायचं.

त्या दिवशी कागदावर ओमचं बोलणं होतं. 'आमची गाय येली. वासराला लई केस हुते.' सृष्टीला सोडायला तिचे आजोबा गहिनीनाथ आले होते. चप्पल काढता काढता त्यांनी ते वाचलं आणि एक चप्पल पायात तशीच राहिली.

"बाई, हे कुनी लिवलं?"

"मी लिहिलं, आबा."

"येली? हुते?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मान हलत होती. "आमी घरात बोलतो तसं. पन तुमी बाई हाय. लिवताना तरी शुद्ध नको का?"

वस्तीवर सगळे त्यांना पेंटर आबा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी राहुरी-देवळालीतल्या दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि टेम्पोची मागची फळी रंगवली होती. बोलणं गावाकडचं, पण ब्रशातून कधी ऱ्हस्व-दीर्घ चुकायचं नाही. त्याला कारण होतं. वीस वर्षांचे असताना त्यांनी एका रसवंतीवर 'शितल' असं रंगवलं. बाजाराच्या दिवशी हायस्कूलच्या एका मास्तरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, लोक जमून हसले आणि मालकाने त्यांना सगळ्यांदेखत शिडीवर चढवून ते खोडायला लावलं. ती दुपार ते विसरले नव्हते. पुढे फ्लेक्स आले आणि काम गेलं, पण अक्षराचा धाक तसाच राहिला.

राजेश्वरीने सांगायचा प्रयत्न केला. "आबा, पोरांना आधी कळायला हवं, की आपण बोलतो तेच कागदावर उतरतं. मी त्याच्या तोंडचा शब्द बदलला, तर त्याला वाटेल लिहिणं हे दुसऱ्याच कुणाचं काम आहे."

"आनि शाळेत गेल्यावर मास्तर हसले तर?"

याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चप्पल पुन्हा घातली, सृष्टीचं बोट धरलं आणि घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सृष्टी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आजोबा घरीच शिकवतायत, असं लंकाबाईने खिचडी ढवळता ढवळता सांगितलं. लंकाबाई मदतनीस होती आणि वस्तीतली कुठलीही बातमी तिच्या चुलीजवळून पुढे जायची.

सृष्टी पाच वर्षांची. आईबाप दोघंही कामावर, बाप टेम्पोवर आणि आई रोपवाटिकेत, त्यामुळे दिवसभर ती आजी-आजोबांकडेच असायची. आबा संध्याकाळी पाटी काढायचे. वरच्या ओळीत स्वतः अ काढायचे, इतका देखणा की तो पुसायला जीव होऊ नये, आणि खाली तिने तसे वीस काढायचे. ते ओरडत नव्हते, मारत तर मुळीच नव्हते. फक्त वाकडा आला की ओल्या बोटाने पुसायचे आणि म्हणायचे, "परत काढ, बाळ."

पंधरा दिवसांत तिचा अ गोल आला. आ आला, मग इ, ई, उ आले. त्यांनी छबूबाईला, म्हणजे बायकोला, पाटी दाखवली. मग गंमत म्हणून त्यांनी ई वर बोट ठेवून विचारलं, "हे काय गं?" सृष्टीने पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. अ, आ, इ, ई. तिथवर आली आणि थांबली. त्यांनी उ वर बोट ठेवलं. तिने पुन्हा अ पासून सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी छबूबाई निवडायची मेथी पदरात घेऊन अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसली.

"बाई, पोरगी लई गप झालीया. जेवताना बी बोलत न्हाई. आधी कशी, नुसती टकळी चालायची. त्यांना सांगून उपेग न्हाई. ते म्हनत्यात, वळन लागतंय."

राजेश्वरी संध्याकाळी त्यांच्या घरी गेली. वाटेत तिने दहा वाक्यं जुळवली होती. पण ओट्यावर पोचली तेव्हा आबा सृष्टीच्या पाटीवर ऊ काढत होते. त्या वळणाकडे ती बघतच राहिली आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"आबा, आमच्या पोरांच्या नावांची कार्डं फाटलीत. रोज सकाळी आल्यावर ती स्वतःचं नाव शोधून खिळ्याला लावतात. माझं अक्षर काही बरं नाही. तुम्ही रंगवून द्याल का?"

आबांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. "किती हायेत?"

"बावीस. सृष्टीचं धरून."

त्यांनी पाटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पुठ्ठा जाड लागंल."

सोमवारी ते दहा वाजता आले. बरोबर रंगाचे डबे, तीन ब्रश आणि सृष्टी. खिडकीखाली सतरंजीवर बसून त्यांनी काम सुरू केलं, आणि बघता बघता पोरांनी त्यांना वेढा घातला. ज्याचं नाव चाललं असेल ते पोर अगदी मांडीला चिकटून उभं राहायचं. निकिता नावाची पाच वर्षांची मुलगी होती. तिला आपला न इतका आवडला की वाळेपर्यंत ती हलली नाही. नंतर दिवसभर ती न शोधत फिरली. तेलाच्या पिशवीवर, कॅलेंडरवर, भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यावर. "ह्यो माझा न! इथं बी माझा न!"

आबा कामातून मान वर करून बघत होते. बावीस कार्डं एका दिवसात होण्यासारखी असताना त्यांनी चार दिवस लावले.

पाचव्या दिवशी वजनं करायची होती. बायका तान्ही पोरं घेऊन सकाळीच आल्या, आणि वजन घेऊन लगेच मोबाईलवर भरायचं, म्हणून राजेश्वरी वजनकाट्यापाशी अडकली. इकडे मोठी पोरं गोल बसून वाट बघत होती.

"आबा, एवढं लिहून घ्याल का?" तिने मार्कर पुढे केला. "मी आलेच."

पहिली पाळी अफ्रीनची होती. ती घरी दखनी बोलायची, मराठी अंगणवाडीत येऊन शिकत होती, त्यामुळे मोजकंच बोलायची. ती म्हणाली, "नळाला पानी आलं."

आबांनी मार्करने लिहिलं, 'नळाला पाणी आलं.' सुबक, एका रेषेत. मग बाईंसारखं बोट फिरवत वाचलं. निकिता उठली आणि कागदाजवळ गेली. तिने नळातल्या न वर बोट ठेवलं.

"ह्यो माझा न. दुसरा कुठाय?"

"दुसरा कुटला?"

"पानीतला." ती शब्द ओढून म्हणाली, "पा... नी. पानीत माझा न हाय ना? तुमी दुसरंच काय लिवलं."

आबा ण कडे बघत राहिले. "आगं, पाणी असंच लिवत्यात," ते म्हणाले.

"पन अफ्रीन पानी म्हनली."

सगळ्यांनी अफ्रीनकडे पाहिलं. अफ्रीनने मान हलवली. "मी पानी बोल्ले. अम्मी पन पानीच बोलती."

वजनकाट्यापाशी राजेश्वरीचा हात थांबला होता. ती मध्ये पडली नाही. आबांना एवढं कळत होतं, की ही पोरगी चुकलेली नाही. वीस-वीस अक्षरं काढून त्यांच्या नातीला जे जमलं नव्हतं, ते हिला कुणी न गिरवता जमलं होतं. तिने कानाने आवाज ऐकला होता आणि डोळ्याने तो कागदावर शोधला होता. त्यांनी मार्करचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग खालच्या ओळीत लिहिलं, 'नळाला पानी आलं.'

निकिताने दोन्ही न वर दोन बोटं ठेवली आणि खुशीत जागेवर जाऊन बसली.

पोरं खिचडी खायला बसल्यावर आबा राजेश्वरीला म्हणाले, "बाई, माझं तरी काय चुकतं ते सांगा. उद्या शाळेत पानी लिवलं तर लाल रेघ येनार का न्हाई?"

"येणार," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी विचारलंत, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. अजून पूर्ण सुचलेलं नाही. पण आज तुम्ही दोन्ही लिहिलंत ना, ते मला बरं वाटलं. मी कधी दुसरी ओळ लिहितच नव्हते. वर पोराचं बोलणं, खाली पुस्तकातलं. दोन्ही वाचायचं. मोठ्या गटाला तरी कळेल."

"वर पोराचं?"

"वर पोराचं."

आबांनी थोडा विचार केला. "मंग खालचं निळ्या रंगात लिवू. नजरंला येगळं दिसाया पायजे."

त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. सृष्टी त्यांच्याबरोबर यायची, आपलं कार्ड खिळ्याला लावायची, मातीची भांडी करायची, निकिताच्या मागे फिरायची. पण गोलात तिची पाळी आली की मान खाली घालायची. राजेश्वरी म्हणायची, "उद्या सांग," आणि पुढच्या पोराकडे वळायची. घरी पाटी अजून निघत होती. आबांनी वीसचे दहा केले होते इतकंच.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी सृष्टीने मान वर केली.

"मी सांगते," ती म्हणाली.

आबा खूश झाले. मार्कर घेऊन सरसावून बसले. "सांग, बाळ."

"आबा पाटी काढत्यात तवा माझ्या पोटात दुखतं."

खोलीत पोरं नेहमीसारखीच चुळबुळत होती. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. लंकाबाईची पळी मात्र पातेल्यात थांबली. आबांनी नातीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिची नजर कागदावर होती. आपलं बोलणं आता तिथे येणार, याची ती वाट बघत होती.

राजेश्वरीला वाटलं, पुढे होऊन मार्कर आपण घ्यावा. पण तोवर त्यांनी लिहायला सुरुवात केली होती. हात सावकाश चालला होता. 'आबा पाटी काढत्यात तवा'. मग पुढे, 'माझ्या पोटात दुखतं.' एकही शब्द त्यांनी बदलला नाही. पूर्णविराम दिला. मग शब्दाशब्दावर बोट ठेवत त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि पोरांनी त्यांच्या मागे म्हटलं.

"अजून हाय," सृष्टी म्हणाली. "मी सांगत न्हाई कुनाला."

तेही त्यांनी लिहिलं. त्या दिवशी निळी ओळ लिहायची कुणाला आठवण झाली नाही.

निघताना ते दारात थांबले. "बाई, तो कागद मी घरी नेऊ का?"

"कागद तिचा आहे, आबा. तिला विचारा."

सृष्टीने भिंतीकडे बोट दाखवलं. "हितंच ऱ्हाऊ द्या. मला वाचायचाय."

कागद तिथेच राहिला. महिनाभर वस्तीतली येणारी-जाणारी माणसं तो वाचत होती. एकदोघांनी आबांना पारावर छेडलंही. ते म्हणाले, "खरंच लिवलंय की," आणि विषय बदलला. छबूबाईने नंतर राजेश्वरीला सांगितलं, की त्या संध्याकाळी पाटी काढायच्या वेळेला ते नुसतेच ओट्यावर बसले. सृष्टी जवळ जाऊन बसली. ते तिला म्हणाले, "पोटात दुखलं की मला सांगायचं. लगीच सांगायचं." ती म्हणाली, "सांगितलं की."

सृष्टी रोज तो कागद वाचायची. खरं तर तो तिला पाठच होता. पण महिनाअखेर एकदा लंकाबाईने भांडी पुसता पुसता 'पोटात' या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "ह्ये काय गं?" सृष्टीने पहिल्यापासून सुरुवात केली नाही. ती म्हणाली, "पोटात." मग आपणहूनच 'पाटी'वर बोट ठेवलं. "ह्येच्यात बी प हाय. ह्येच्यात ट बी हाय."

ऊसतोडीच्या हंगामात वस्तीला माणसं वाढली तशी पोरंही वाढली, आणि आबांचे दोन दिवस कधी तीन व्हायला लागले. कागदाची वरची ओळ पोराची, खालची निळी. नव्याने आलेल्या पोरांपैकी कुणी एखादा असा शब्द बोलायचं जो आबांनी कधी ऐकलेला नसायचा. मग ते त्याला दोनदा म्हणायला लावायचे, कान पुढे करून ऐकायचे आणि मगच मार्कर टेकवायचे.

जूनमध्ये सृष्टी पहिलीत गेली. तिचं अक्षर काही देखणं नाही. ओळीवरून घसरतं, आणि शाळेच्या बाई तिच्या वहीत अधूनमधून लाल रेघ मारतात. आबा वही बघतात, तो शब्द एकदा निळ्या पेनने बाजूला लिहून ठेवतात आणि वही परत देतात. ती मात्र पान भरून लिहिते. शेळीचं, पाटाचं, निकिताशी झालेल्या भांडणाचं. आणि जेवताना सगळ्यांना वाचून दाखवते, वरण गार होईपर्यंत.