माझ्या पोटातले दोन बोल्ट

मी एक जुना क्राऊन आहे, मित्रांनो. राजाच्या डोक्यावरचा नव्हे हं! गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियलची पेटी असते, तिच्यात तेलात बुडून फिरणारं मोठं दातेरी चाक म्हणजे मी. माझा स्वभाव पहिल्यापासून धास्तावलेला. जरा खुट्ट झालं की वाटतं, मोडला दात!

एका थंड देशातल्या कारखान्यात मी जन्मलो. पिनियन ही माझी जोडीदारीण, लहानशी दातेरी दांडी. आम्हाला एकमेकांवर घासून घासून आमचे दात जुळवले. बदलायचं तर दोघांना एकदमच, असा आमच्यातला नियम. पुढे लाल रंगाच्या, दोन दारांच्या एका स्पोर्ट्स गाडीत बसून आम्ही लेबनॉनला आलो. मालकीण हनादी. बैरूतच्या समुद्रकाठच्या सरळ रस्त्यावर आम्ही असे पळायचो की लोक माना वळवून बघायचे. कौतुक गाडीचं व्हायचं, पण अंधारात मीसुद्धा फुगायचो.

मग हनादीला घाटातल्या शर्यतींचा नाद लागला. मी पडलो सपाटीचा गडी. वळणातून वर निघताना गाडीला जोरच पुरेना. गेल्या वर्षी ती अगदी शेवटच्या वळणावर हरली. जास्त दातांचा क्राऊन बसवला तर सपाटीवर वेग थोडा कमी होईल, पण चढावर गाडी उसळेल, असं डोंगरातल्या गावचे गॅरेजवाले मुअल्लिम सलीबा म्हणाले. इकडे हाताने काम करणाऱ्या वाकबगार माणसाला मुअल्लिम म्हणतात. झालं, माझी आणि पिनियनची गच्छंती ठरली.

सलीबांनी मला बाहेर काढलं, तेल पुसलं, बोटावर अडकवलं आणि पान्याने टोला दिला. मी घंटेसारखा घणघणलो. तडा गेलेला क्राऊन बद्द वाजतो, म्हणून ही परीक्षा.

"मुअल्लिम, चर्चला जायची वेळ झाली का?" हनादी हसली.

"हसतेस काय! अजून खणखणीत आहे बिचारा," सलीबा म्हणाले. ऐकून मला रडूच आलं.

मला बाकावर आडवं ठेवून माझ्या मधल्या गोल पोकळीत त्यांनी नवे बोल्ट ओतले आणि एकेक उचलून नव्या क्राऊनला आवळू लागले. काम संपत आलं होतं. तेवढ्यात शेजारच्या उम्म नदीम कॉफीचा ट्रे घेऊन हजर!

"मावशी, थोडेच बोल्ट राहिलेत..."

"बोल्ट काय पळून जातायत? कॉफी निवतेय! आणि माझी कॉफी निवली तर गावात तोंड दाखवशील का रे?"

आलेल्या कॉफीला नाही म्हणायची आमच्या डोंगरात कुणाची छाती नाही. सलीबा हात पुसून बाहेर तुतीच्या झाडाखाली जाऊन बसले. हनादी बाकाशीच उभी राहून प्यायली आणि इथल्या रीतीप्रमाणे कप उपडा घातला. गाळ वाळला की उम्म नदीम त्यात भविष्य बघतात. पण पोरीचं लक्ष होतं गाडीकडे! कप तिने घातला थेट माझ्या पोटात, उरलेल्या दोन बोल्टांवर.

"बघू का गं?" उम्म नदीमनी विचारलं.

"नको, मावशी! शर्यतीनंतर. आत्ता काही वाईट निघालं तर वळणावर माझं लक्ष उडेल. तोवर कपाला कुणी हात लावायचा नाही."

सलीबा परत आले. माझ्याकडे पाहिलं. एकही बोल्ट दिसेना. म्हणजे संपले, असं समजून भोकं न मोजताच त्यांनी पेटी बंद केली. अहो मुअल्लिम! कपाखाली बघा, कपाखाली! पण मला का तोंड आहे? पेटी गाडीत चढली, तेल भरलं गेलं. बोल्ट कमी पडले की उरलेले ढिले होतात, मग चाकं जागीच जखडतात. आणि हनादी निघाली होती शर्यतीच्या घाटात सराव करायला, जिथे एका बाजूला नुसती दरी आहे.

गाडी बाहेर पडली. उम्म नदीम ट्रे उचलायला आत आल्या.

"सहाचा संच आहे माझा, एक कप सोडून कशी जाऊ? पोरगी नाही म्हणू दे, मी गुपचूप बघते!" त्यांनी कप उचलला, चष्मा न लावताच आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "वा! रस्ता कसा मोकळा आहे बघ!"

कसला मोकळा! बोल्ट तर अजून माझ्या पोटातच होते. त्या कप घेऊन वळल्यासुद्धा. माझ्या पोटात काळा गाळ माखला होता. सलीबांना घाण खपत नाही. निरुपयोगी झालो तरी त्यांनी मला पुसायला फडकं घेतलं आणि गाळातले दोन बोल्ट त्यांच्या बोटांना लागले.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हनादीचा फोन बाकावरच विसरलेला. ते मलाच उचलून दाराकडे धावले. नव्या दातांना जपत गाडी हळूहळू खालच्या वळणाला लागली होती. "हनादी!" पण हाक इंजिनाच्या आवाजात विरली. मग त्यांनी मला बोटावर अडकवलं आणि पान्याने बडवायला सुरुवात केली.

मित्रांनो, मी आयुष्यात जितका जीव तोडून कधी फिरलो नव्हतो, तितका त्या दिवशी वाजलो. दरीभर घुमलो. खाली लाल दिवे लागले. गाडी थांबली.

हनादी उतरून वर बघत ओरडली, "मुअल्लिम, आता काय लग्न आहे का कुणाचं?"

सलीबा मला घेऊन धावत खाली गेले. त्यांनी मूठ उघडून दोन बोल्ट दाखवले. ती तिथेच रस्त्याकडेला खाली बसली.

पेटी पुन्हा उघडली. या वेळी उम्म नदीमची कॉफी चक्क निवली आणि त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. रविवारी शर्यतीत नवा क्राऊन घाट चढला, तेव्हा त्याचा आवाज ऐकत मी जीव मुठीत धरून होतो. हनादी शेवटचं वळण पार करून सुखरूप घरी आली.

आता मी गॅरेजच्या दारात साखळीला टांगलेला असतो. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी कामातून गेलेलं असेल. त्याला टाकू नका. अधूनमधून फडक्याने पुसा. कुणी सांगावं, त्याच्या पोटात तुमच्याच जिवाची गोष्ट अडकलेली असेल, आणि सांगायला त्याला तोंड नसेल.